निष्पद नौकेची चाके

धार आणि देवास ही नावे कानी पडताच डोळ्यांपुढे उभा राहतो तो माळव्याचा पठारी प्रदेश, काळी जमीन आणि पवारांच्या गाद्या. तेथे समुद्र नाही. असे असता होडी वाहून नेणाऱ्या गाड्याविषयी आणि त्याच्या चाकांतील बेअरिंगविषयी बोलण्यासाठी मी हाच प्रदेश का निवडला, असा प्रश्न आपल्याला पडेल. त्याचे उत्तर भूगोलात थोडे आणि इतिहासात बरेच आहे.

भूगोलाचे आधी सांगतो. धार जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून नर्मदा वाहते. आग्रा-मुंबई मार्ग देवास आणि इंदूर मागे टाकून मानपूरचा घाट उतरतो आणि खलघाटापाशी तिला ओलांडतो. 2019 साली सरदार सरोवर प्रथमच 138.68 मीटरच्या पूर्ण पातळीपर्यंत भरले, तेव्हा निसरपूर, चिखलदा अशी या जिल्ह्यातील गावे पाण्याखाली गेली. 2022 च्या ऑगस्टात धरमपुरी तालुक्यातील कारम नदीवरचे, अजून पुरे न झालेले धरण गळू लागले आणि खालच्या अंगाची 18 गावे रिकामी करावी लागली. अशा वेळी पाण्यापर्यंत पोहोचावयाचे असते ते जमिनीवरूनच. होडी कितीही उत्तम असो, रस्त्यात तिच्या गाड्याचे एक चाक जखडले, की ती होडी नसल्यातच जमा!

आता इतिहासाकडे वळू. अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात धारेत राज्य करणाऱ्या परमार भोजाच्या नावावर जे अनेक ग्रंथ सांगितले जातात, त्यांपैकी दोन आपल्या विषयाशी संबंधित आहेत. पहिला ‘युक्तिकल्पतरु’. त्यात वाहनांची चर्चा करताना नौकेची गणना ‘निष्पद’ यानांत, म्हणजे ज्यांना पाय नाहीत अशा वाहनांत केली आहे. समुद्रातील चुंबक-पाषाण नौकेला ओढून घेतील, या भीतीने तिच्या फळ्या लोखंडाने जोडू नयेत, असेही तेथे बजावले आहे. कारण आज आपल्याला पटणार नाही. परंतु लोखंड आणि पाणी यांचे सख्य नाही, हा अनुभव मात्र कोणीही नाकारणार नाही.

दुसरा ग्रंथ ‘समरांगणसूत्रधार’. बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेत तो 1924-25 च्या सुमारास प्रसिद्ध झाला. त्याचा यंत्रांवरील अध्याय विमानांच्या वर्णनामुळे लोकांच्या तोंडी आहे. पण माझ्या मते त्यातील खरे मोलाचा भाग वेगळाच आहे. चांगल्या यंत्राचे गुण कोणते, याची तेथे एक यादी दिली आहे. भाग एकमेकांत नीट बसलेले असावेत, पृष्ठ गुळगुळीत असावे, चालताना आवाज होऊ नये, गती अडखळू नये, यंत्राने दीर्घकाळ टिकावे. आणि त्यात शैथिल्य नसावे, तसा आवळलेपणाही नसावा. ना सैल, ना घट्ट! चाकाचे बेअरिंग बसविणाऱ्या आजच्या कारागिराला याहून निराळे काय सांगावयाचे असते?

आपल्या बैलगाडीलाही हे ज्ञान पोथीवाचून होते. आंस आणि तुंबा यांच्यामध्ये तेलाचे आणि काजळीचे वंगण घालावयाचे, आणि त्याचा नळा गाडीखालीच टांगून ठेवावयाचा, ही रीत घरोघर होती. पुढे 1794 साली वेल्समधील फिलिप वॉन याने गाडीच्या आंसासाठी गोळ्यांच्या बेअरिंगचे पेटंट घेतले आणि 1898 साली अमेरिकेत हेन्री टिमकेन याने निमुळत्या रुळांच्या बेअरिंगचे. घासण्याची जागा गडगडण्याने घेतली. परंतु वंगणाची गरज काही संपली नाही.

होडीच्या गाड्यावर मात्र एक जादा संकट असते. होडी उतरविताना त्याची चाके पाण्यात बुडतात. दूरचा रस्ता कापून आलेला चाकाचा तुंबा तापलेला असतो. तो एकदम थंड पाण्यात गेला, की आतील हवा आकसते आणि सीलच्या फटीतून पाणी आत ओढले जाते. ग्रीस दुधासारखे पांढुरके होते. मग गाडा महिनोन्महिने एका जागी उभा राहतो आणि पोलादाच्या रुळांवर गंजाचे बारीक खड्डे पडतात. पुढच्या पावसाळ्यात तो गाडा निघतो तो कुरकुरतच.

उपाय साधे आहेत. काठावर पोहोचल्यावर तुंबा निवेपर्यंत थांबावे. पावसाळ्यापूर्वी एकदा आणि नंतर एकदा चाक उचलून हलवून पाहावे. खेळ जाणवला किंवा फिरविताना घरघर ऐकू आली, तर ते उघडावे. बेअरिंग रॉकेलने धुऊन पूर्ण वाळवावे, खड्डे किंवा निळसर डाग दिसल्यास बदलावे, पाण्याला दाद न देणारे ग्रीस तळहाताने रुळांच्या फटीफटीत भरावे आणि सील नवे घालावे. शेवटी चाक फिरवीत नट आवळावा, मग किंचित मागे घ्यावा आणि नवी पिन घालावी. वाटेत थांबल्यावर हाताची पालथी बाजू तुंब्याजवळ नेऊन ऊब पाहावी. एक तुंबा दुसऱ्यापेक्षा अधिक तापला असेल, तर तेथेच काहीतरी बिघडले आहे असे समजावे.

एवढीशी काळजी न घेतल्याने काय होते, याची साक्ष धारमध्येच पडून आहे. 1405 साली बांधलेल्या लाट मशिदीसमोर एका प्रचंड लोहस्तंभाचे तीन तुकडे आहेत. तो अखंड असता दिल्लीच्या स्तंभाहून पुष्कळच उंच भरला असता. जहांगीर बादशहाने आपल्या आत्मवृत्तात लिहून ठेवले आहे, की गुजरातच्या बहादूरशहाने तो आपल्या मुलखात न्यावयाचे ठरविले. पण उतरविताना माणसांनी खबरदारी घेतली नाही आणि स्तंभ कोसळून मोडला. ज्यांनी तो घडविला त्यांचे कौशल्य शतकानुशतके टिकले. ज्यांनी तो हलविला त्यांची हयगय एका क्षणात त्यावर मात करून गेली.

देवासची कथा अलीकडची आहे. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर 1921 साली देवास थोरल्या पातीच्या महाराजांचा खाजगी चिटणीस होता आणि मोटारखान्याची देखरेखही त्याच्याकडे होती. 1953 साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या आठवणींत महाराजांविषयी अपार जिव्हाळा आहे. पण कोरड्या हवेने तडकलेल्या, न वाजविताच निकामी झालेल्या नव्याकोऱ्या पियानोंचा उल्लेखही आहे. वस्तू विकत घेणे म्हणजे तिचे स्वामी होणे नव्हे. तिची निगा राखील तो तिचा स्वामी.

आज त्याच धार जिल्ह्यातील पिथमपुरात मोटारी आणि मालगाड्या तयार होतात आणि 2021 पासून तेथे 11.3 किलोमीटरचा वेगचाचणीचा लंबवर्तुळाकार मार्ग आहे. भोजाच्या भूमीने चाकाशी असलेले नाते सोडलेले नाही. पण चाक कारखान्यातून बाहेर पडले, की त्याचे पुढले आयुष्य कोणा अभियंत्याच्या हाती नसून एखाद्या अनामिक माणसाच्या हाती असते. पावसाळ्याआधीच्या एका निवांत दुपारी तो चाक उचलतो, कान देतो आणि बोटांनी ग्रीस भरतो. पूर आलेल्या रात्री होडी वेळेवर काठाला लागते, तेव्हा त्याचे नाव कोणी घेत नाही. यंत्राचा एक गुण निःशब्दता, असे धारच्या त्या ग्रंथात सांगितले आहे. यंत्र राखणाऱ्याचाही तोच गुण असावा.