तळटीप १२ : ‘बायवीकली’ पगार
येथे ‘बायवीकली’ म्हणजे दर दोन आठवड्यांनी. इंग्रजी शब्दकोश याच शब्दाचा ‘आठवड्यातून दोनदा’ असाही अर्थ देतात, त्यामुळे संदर्भावाचून उलगडा होत नाही. अमेरिकी पगारपत्रकात मात्र घोळ नाही : बायवीकली पगार वर्षाकाठी साधारणपणे २६ वेळा होतो, तर महिन्यातून दोनदा होणारा ‘सेमीमंथली’ २४ वेळा. अनुवादात ‘पाक्षिक’ टाळले ते याच फरकामुळे. ब्रिटिश माणूस सरळ ‘फोर्टनाइटली’ म्हणून मोकळा होतो. त्याचा हिशेब चौदा रात्रींचा, आपल्या पंधरवड्यात एक दिवस जास्त. पुढील पानांवरच्या ‘एव्हरी अदर डे’साठी ‘दिवसाआड’ हा आपला शब्द बिनघोर वापरला आहे. ‘प्रत्येक दुसऱ्या दिवशी’ हे औषधाच्या चिठ्ठीवर शोभेल, गोष्टीत नाही.