व्यवहाराची माघार आणि जनक-अपत्य नोंदी

नागपूर विद्यापीठाची स्थापना 1923 साली झाली. त्याच्या क्षेत्रातून 1983 साली अमरावती विद्यापीठ व 2011 साली गडचिरोली येथील गोंडवाना विद्यापीठ वेगळे झाले. अशा विभाजनात महाविद्यालयाबरोबर त्याच्या विद्यार्थ्यांच्या नोंदीही स्थलांतरित व्हाव्या लागतात. डेटाबेसच्या परिभाषेत महाविद्यालयाची नोंद ही जनक व विद्यार्थ्याची नोंद ही अपत्य होय. जनक गेले व अपत्य मागे राहिले, तर ते अपत्य निराधार ठरते.

ही आपत्ती टाळण्याचे उपाय क्रमाक्रमाने सिद्ध झाले. आयबीएमच्या 1968 सालच्या आयएमएस प्रणालीत नोंदींची रचना वृक्षासारखी होती. जनक नोंद पुसली की तिची अपत्येही पुसली जात. एडगर कॉड यांनी 1970 साली वृक्षाऐवजी कोष्टके पुरस्कारिली व नोंदींचे नाते फॉरिन कीवर सोपविले. त्यामुळे जे रक्षण रचनेतूनच मिळत होते, ते आता नियमांनी करणे प्राप्त झाले. त्याच दशकात जिम ग्रे प्रभृतींनी व्यवहाराच्या, म्हणजे ट्रान्झॅक्शनच्या, संकल्पनेला शास्त्रीय रूप दिले: सर्व बदल एकत्र कायम व्हावेत, अथवा रोलबॅक होऊन सर्वच मागे घेतले जावेत.

पुढे चाचणी करणाऱ्यांनी रोलबॅकचा निराळा उपयोग केला. व्यवहार उघडावा, जनक व अपत्य नोंदी घालाव्यात, परिणाम पाहावा आणि शेवटी सर्व मागे घ्यावे. कोष्टके पूर्ववत होतात. मात्र दोन्ही नोंदी एकाच जोडणीतून लिहिल्या गेल्या पाहिजेत. जनक एका जोडणीत अद्याप कायम झालेला नसताना दुसरीतून अपत्य लिहू गेल्यास ते नाकारले जाते किंवा कुलपापाशी अडून राहते.

याहून सूक्ष्म अडचण 1992 च्या एसक्यूएल मानकाने दिलेल्या सवलतीतून उद्भवते. त्यानुसार फॉरिन कीची तपासणी व्यवहार कायम होण्याच्या क्षणापर्यंत लांबणीवर टाकता येते. परंतु ज्या चाचणीचा शेवट नेहमी रोलबॅकने होतो, तिच्यात तो क्षण येतच नाही. परिणामी निराधार अपत्य असूनही चाचणी यशस्वी ठरते, आणि दोष प्रत्यक्ष कामकाजात प्रकट होतो. म्हणून रोलबॅकपूर्वी ही प्रलंबित तपासणी आज्ञा देऊन करवून घेणे अवश्य आहे. जँगो या प्रणालीने 2016 साली प्रत्येक चाचणीच्या अखेरीस अशी तपासणी अंतर्भूत केली. महाविद्यालयांच्या स्थलांतरासारख्या कामात, जेथे एका जनकामागे शेकडो अपत्ये असतात, तेथे ही तपासणी वगळलेली चाचणी ग्राह्य मानता येणार नाही.