पाठांतर टिकते कसे? भाणकांपासून आजच्या वर्गापर्यंत

परीक्षा जवळ आली की विहारातील अभ्यासिका भरून जाते. मुले-मुली एकच धडा पाच-पाच वेळा वाचतात, पाने हायलायटरने रंगवतात आणि आठवड्याने विचारले तर निम्मेही आठवत नाही. मग घरात, शाळेत आणि शेवटी स्वतःच्या मनातही एकच निष्कर्ष निघतो, "आपलं डोकंच चालत नाही." आमचा आक्षेप या निष्कर्षाला आहे. ज्यांच्या घरातील पहिलीच पिढी कॉलेजात जाते आहे, त्यांच्यावर हा शिक्का फार लवकर बसतो, कारण अभ्यास कसा करायचा हे सांगणारे घरात कोणी नसते. दोष बहुतेक वेळा पद्धतीचा असतो, आणि पद्धत बदलायला क्लासची फी लागत नाही.

आधी विसरण्याबद्दल. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाऊस यांनी 1885 मध्ये स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ करायच्या आणि काही वेळाने त्याच याद्या पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचतात ते मोजायचे, अशी त्यांची रीत होती. एका दिवसानंतर साधारण एक तृतीयांशच श्रम वाचत होते. मात्र महिनाभरानंतरही सुमारे एक पंचमांश वाचत होते. म्हणजे विसरणे सुरुवातीला वेगाने होते आणि नंतर मंदावते. अर्थ असलेला मजकूर यापेक्षा जास्त टिकतो, पण विसरण्याची तऱ्हा साधारण हीच असते. सोमवारी शिकलेले मंगळवारी आठवत नसेल, तर त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

आता उपाय. 2006 मध्ये अमेरिकेत हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने तो चार सत्रांत पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने एकाच सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत उतारा न बघता कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहिले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते, 83 टक्के विरुद्ध 71. आठवड्याने चित्र उलटले. वाचणाऱ्यांना 40 टक्के आठवले, आठवून लिहिणाऱ्यांना 61. आणि गंमत अशी की, आपल्या लक्षात जास्त राहील याची खात्री वाचणाऱ्या गटालाच अधिक होती. वारंवार वाचल्याने मजकूर ओळखीचा होतो आणि ओळखीचे झाले म्हणजे पाठ झाले असे आपल्याला वाटते. अभ्यासिकेतील मुलांची फसगत नेमकी इथेच होते. 2013 मध्ये जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या, तेव्हा स्वतःची चाचणी घेणे आणि अभ्यास दिवसांवर विभागणे या दोनच पद्धती वरच्या श्रेणीत बसल्या. पुन्हा वाचणे आणि खाली रेघा मारणे तळाच्या श्रेणीत गेले.

आपल्याकडे ही गोष्ट प्रयोगशाळेशिवाय माहीत असलेले लोक होऊन गेले. तिपिटक लिहून ठेवले गेले ते श्रीलंकेत, वट्टगामणी राजाच्या काळात, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात. त्याआधीची काही शतके ते माणसांच्या मुखात होते. ते सांभाळणारे भिक्खू म्हणजे भाणक. दीघनिकाय सांभाळणारे दीघभाणक, मज्झिमनिकाय सांभाळणारे मज्झिमभाणक, अशी कामाची वाटणी होती. ही परंपरा आपल्यापासून दूरची नाही. कार्ले लेण्यातील एका खांबावर सोपाऱ्याच्या धम्मुत्तरीय परंपरेतील सातिमित नावाच्या भाणकाच्या दानाचा लेख आहे. हे सोपारे म्हणजे आजचे नालासोपारा. लोकलने रोज जाणाऱ्यांनी एकदा हे आठवून पाहावे.

भाणकांची पद्धत ग्रंथांच्या रचनेतच दिसते. अंगुत्तरनिकाय आकड्यांप्रमाणे लावलेला आहे. एका गोष्टीची सुत्ते आधी, मग दोनांची, तीनांची, असे अकरापर्यंत. आकडा माहीत असला की एक मुद्दा राहून गेल्याचे लगेच कळते. वग्गाच्या शेवटी उद्दान येते, म्हणजे त्या वग्गातील सुत्तांच्या नावांची किंवा खुणेच्या शब्दांची छोटी पद्यरचना. आपण शाळेत इंद्रधनुष्यासाठी "तानापिहिनिपाजा" म्हणत होतो, त्याच जातीची ही किल्ली. शिवाय संगीती म्हणजे एकत्र म्हणणे. एक चुकला तर शेजारचा थांबवतो. बहुश्रुत होण्याच्या पायऱ्याही सुत्तांत पुन्हा पुन्हा येतात. ऐकणे, धारण करणे, तोंडाने म्हणून घोटणे, मनाने तपासणे आणि शेवटी नीट उमजणे. आजच्या पुष्कळ वर्गांत पहिल्या दोन पायऱ्यांवरच तास संपतो. सर सांगतात, मुले उतरवून घेतात. उरलेल्या तीन पायऱ्या ज्याच्या घरी शिकवणारे आहेत तो घरी चढतो, बाकीचे खालीच राहतात. वर्गातील विषमता अशीही तयार होते.

म्हणून शिक्षक आणि अभ्यासिका चालवणारे कार्यकर्ते यांना आमची पहिली सूचना अशी की, तासाची पहिली पाच मिनिटे पुस्तक बंद ठेवावे. कालचा एक प्रश्न, गेल्या आठवड्यातील एक, गेल्या महिन्यातील एक. उत्तरे कोऱ्या कागदावर लिहायची, मग शेजाऱ्याशी ताडून पाहायची. गुण द्यायचे नाहीत. गुण आले की भीती येते आणि मुले नक्कल करू लागतात. चुकलेल्या उत्तराची दुरुस्ती मात्र तिथेच झाली पाहिजे.

घरी करण्यासाठी चिठ्ठ्यांचा खोका उत्तम. जर्मन लेखक सेबास्टियन लाइटनर यांनी 1972 मध्ये ही युक्ती लोकप्रिय केली. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून चिठ्ठ्या करा. एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. बुटांच्या खोक्यात पाच कप्पे करा. पहिला कप्पा रोज पाहायचा, दुसरा दोन दिवसांनी, तिसरा चार दिवसांनी, असे अंतर वाढवत न्यायचे. उत्तर बरोबर आले तर चिठ्ठी पुढच्या कप्प्यात जाते, चुकले तर पहिल्यात परत येते. यामुळे जे येते त्यावर वेळ जात नाही. मोबाइलवर यासाठी ॲप आहेत, पण मोबाइल हातात घेतला की काय होते ते आपण सगळेच जाणतो.

सुटे सुटे पाठ करू नये, गटाने करावे. स्पर्धा परीक्षेची मुले संविधानाची कलमे आकड्यांसारखी घोकतात. त्याऐवजी मूलभूत हक्कांचे सहा गट धरा. समता 14 ते 18, स्वातंत्र्य 19 ते 22, शोषणाविरुद्धचा हक्क 23 आणि 24, धर्मस्वातंत्र्य 25 ते 28, सांस्कृतिक व शैक्षणिक हक्क 29 आणि 30, घटनात्मक उपाययोजना 32. मग प्रत्येक गटात "हे इथेच का?" असे विचारा. अस्पृश्यता नष्ट करणारे 17 वे कलम समतेच्या गटात का आहे, हे ज्याला सांगता येते त्याला तो आकडा वेगळा पाठ करावा लागत नाही. गणितात उलट करा. सरळव्याजाची वीस आणि मग चक्रवाढ व्याजाची वीस उदाहरणे सोडवण्यापेक्षा दोन्ही मिसळून सोडवा. सोडवताना जड जाईल, चुकाही जास्त होतील, पण परीक्षेत कोणती रीत वापरायची हे ओळखता येईल. झोपेबद्दल थोडक्यात सांगायचे तर, शिकलेले पक्के होण्यात झोपेचा वाटा असतो. परीक्षेच्या आदल्या रात्रीचे जागरण तोट्याचेच.

आता थोडे नाजूक बोलू. बाबासाहेबांच्या जयंतीनिमित्त अनेक ठिकाणी सलग 18 तास अभ्यासाचा उपक्रम होतो. अभिवादन म्हणून त्याचे मोल आम्ही मानतो, अनेक मुले पहिल्यांदा ग्रंथालयात बसतात ती त्याच दिवशी. पण एका दिवसात कोंबलेला अभ्यास लवकर ओसरतो, आणि बारा-तेरा वर्षांच्या मुलाला त्यातून "मला बसवत नाही, म्हणजे मला जमणार नाही" असा चुकीचा धडाही मिळू शकतो. चूळपंथकाला चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना म्हणून सख्ख्या भावानेच संघातून निघून जायला सांगितले होते. बुद्धांनी त्याला परत आणले, हातात एक पांढरे फडके दिले आणि वेगळ्या रीतीने शिकवले.

तेच 18 तास वाटून घेता येतील. 27 मार्चपासून 13 एप्रिलपर्यंत बरोबर अठरा दिवस होतात. रोज संध्याकाळी विहारात एक तास बसायचे. त्यातील पहिली पंधरा मिनिटे आदल्या दिवसांचे आठवून लिहायचे, मग नवा भाग, शेवटी जोडीने एकमेकांना म्हणून दाखवायचे. आणि 14 एप्रिलला सकाळी वंदना झाली की प्रत्येकाच्या हातात एक कोरा कागद द्यायचा.