ड्रमसेटसाठी सिंबल निवडताना

ड्रमसेट विकत घेताना बहुतेकांचे लक्ष ढोलांच्या रंगाकडे, त्यांच्या संख्येकडे आणि चकाकणाऱ्या कड्यांकडे जाते. सिंबल मात्र 'सेटबरोबर जी येतील ती' म्हणून स्वीकारली जातात. वस्तुतः क्रम उलटा असायला हवा. ढोलाचा आवाज मनासारखा नसेल तर वरचा पडदा बदलता येतो, ताण कमी-अधिक करता येतो, आत कापड ठेवून घुमारा आवरता येतो. सिंबलच्या बाबतीत असा फारसा वाव नसतो. कारखान्यातून बाहेर पडताना त्या धातूच्या ताटात जो आवाज बसलेला असतो, तोच पुढे अनेक वर्षे वादकाच्या वाट्याला येतो. म्हणूनच मर्यादित पैशांत ड्रमसेट उभा करणाऱ्याने सिंबलची निवड सर्वांत अधिक विचारपूर्वक करावी, असे जाणकार सांगतात.

नाशिकजवळच्या ओझरसारख्या गावात हा प्रश्न अधिक व्यावहारिक होतो. मुंबई-आग्रा महामार्गावरील हे गाव १९६४ पासून हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या विमान कारखान्यामुळे ओळखले जाते. कारखान्याच्या वसाहतीत देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून आलेली कुटुंबे राहत आली आहेत. अशा ठिकाणच्या हौशी वा अर्धव्यावसायिक ड्रमवादकाला एकाच प्रकारचे संगीत वाजवून भागत नाही. गणेशोत्सवातला वाद्यवृंद, लग्नातली चित्रपटगीते, शाळा-महाविद्यालयांची स्नेहसंमेलने, चर्चमधील भक्तिगीते आणि मित्रांबरोबरचे रॉक, हे सारे त्याला एकाच संचावर वाजवावे लागते. प्रत्येक प्रसंगासाठी वेगळी सिंबल घेणे बहुतेकांना परवडत नाही. तेव्हा सर्वत्र चालतील अशी मोजकी सिंबल कशी ओळखावीत, हाच खरा प्रश्न आहे.

टाळ, झांज आणि सिंबल

मराठी कानाला हे वाद्य परके नाही. वारकऱ्यांचा टाळ आणि ढोल-ताशा पथकातील झांज ही सिंबलची जवळची नातलग होत. टाळ जाड आणि लहान असल्याने त्यातून स्वराचा भास स्पष्ट होतो. सिंबल पातळ आणि रुंद असते. आघात होताच त्यातून असंख्य कंपने एकाच वेळी उठतात आणि कोणताही एक स्वर ठळक न राहता आवाजाचा पट्टा पसरतो. त्यामुळेच ते कोणत्याही पट्टीतील गाण्याबरोबर वाजवता येते.

ड्रमसेटमध्ये सिंबलची तीन मुख्य कामे असतात. पायाने उघडझाप करता येणारी जोडी म्हणजे हाय-हॅट. हा प्रकार १९२० च्या दशकात रूढ झाला. जोरकस आघाताने गाण्यातील वळण दाखवणारे ते क्रॅश. अखंड ठेका धरणारे मोठे ताट म्हणजे राइड. १९४० च्या सुमारास अमेरिकेतील केनी क्लार्क या जॅझ वादकाने ठेक्याचा मुख्य भार पायातल्या ढोलावरून राइडवर आणला, तेव्हापासून या ताटाचे महत्त्व वाढले.

महाराष्ट्रात हे संगीत प्रथम मुंबईच्या हॉटेलांतून आणि पुढे चित्रपटांतून पोचले. १९३५ मध्ये लिऑन अ‍ॅबी यांचा जॅझ वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात वाजत असे. पुणतांब्यात जन्मलेले संगीतकार सी. रामचंद्र यांनी १९५१ च्या 'अलबेला' चित्रपटात चिक चॉकलेट या गोमंतकीय ट्रम्पेटवादकाच्या साथीने पाश्चात्त्य ठेका घरोघरी नेला. १९८५ मध्ये बाजारात आलेल्या ऑक्टोपॅडने नंतर वाद्यवृंदांतील ढोलांची जागा बऱ्याच अंशी घेतली. तरीही अनेक वादक पॅडशेजारी खरे सिंबल उभे करतात. काठीच्या टोकापासून कडेपर्यंत बदलत जाणारा त्याचा आवाज पॅडवर हुबेहूब आणणे कठीण असते.

धातूवर सारे अवलंबून

सिंबलची पहिली परीक्षा धातूची. स्वस्त ड्रमसेटबरोबर येणारी सिंबल बहुधा पितळेची, म्हणजे तांबे आणि जस्त यांच्या मिश्रणाची असतात. त्यांचा आवाज आखूड आणि परातीवर चमचा मारल्यासारखा येतो. सरावासाठी ती चालतात, पण मंचावर आणि ध्वनिमुद्रणात त्यांची उणीव लगेच उघडी पडते.

चांगली सिंबल काशाची, म्हणजे तांबे व कथील यांच्या मिश्रणाची असतात. त्यांत दोन प्रकार मुख्य. पहिल्यात तांबे सुमारे ९२ टक्के व कथील ८ टक्के असते आणि त्याला बाजारात 'बी ८' म्हणतात. त्याचे पत्रे सहज लाटता येतात, त्यामुळे सिंबल तुलनेने स्वस्त पडते. त्याचा आवाज सरळ, झगझगीत आणि नेमका असतो. दुसऱ्यात तांबे ८० टक्के व कथील २० टक्के असते. तो 'बी २०'. त्याचा आवाज खोल, अनेक पदरी असून हळूहळू विरत जातो.

कथील वाढले की धातू ठिसूळ होतो. काशाचे भांडे हातातून पडले तर तडकते आणि पितळेचे चेपते, हा घरोघरचा अनुभव आहे. 'बी २०'चे सिंबल घडवणे याच कारणाने अवघड आणि खर्चाचे. धातूची चकती तापवून पुन्हा पुन्हा लाटावी लागते. तप्त चकती पाण्यात विझवली की पोलादाच्या अगदी उलट ती कमी ठिसूळ होते आणि मगच हातोड्याचे घाव सोसते. नाशिक आणि पुण्याच्या तांबटांनी भांड्यांवर पिढ्यान् पिढ्या केलेले ठोक्यांचे काम पाहिलेल्यांना यातील तत्त्व उमजेल. ठोक्याने पत्रा घट्ट होतो आणि त्याला आकार येतो. सिंबलमध्ये त्याच ठोक्यांनी आवाजही घडतो.

या कलेची एक प्रसिद्ध परंपरा इस्तंबूलची. तेथील आर्मेनियन कारागीर आवेदिस यांनी १६२३ मध्ये सुरू केलेला झिल्जियन घराण्याचा व्यवसाय १९२९ मध्ये अमेरिकेत गेला. कौटुंबिक वादातून याच घराण्यातील रॉबर्ट झिल्जियन यांनी १९८१ मध्ये कॅनडात 'सेबियन' ही कंपनी काढली. स्वित्झर्लंडची 'पायस्टे' आणि जर्मनीची 'माइनल' ही अन्य मोठी नावे. मात्र यांतील प्रत्येक कंपनी उत्तम मालाबरोबर नवशिक्यांसाठी स्वस्त मालही काढते. म्हणून केवळ नावावर जाऊ नये. ताट कोणत्या मालिकेचे आणि कोणत्या धातूचे, हे विचारून घ्यावे. साधा नियमही नेहमी लागू पडत नाही. 'पायस्टे'ने १९७१ मध्ये आणलेली '२००२' ही नामवंत मालिका 'बी ८' धातूचीच आहे. अखेरचा निवाडा कानाचाच.

व्यास, जाडी आणि घुमट

व्यास वाढला की आवाज खालचा, मोठा आणि लांबणारा होतो. जाडी वाढली की आवाज वरचा होतो आणि काठीचा टणत्कार स्पष्ट ऐकू येतो, पण ताट फुलायला वेळ घेते. पातळ ताट हलक्या आघातालाही चटकन उत्तर देते आणि लवकर विरते. मधला घुमट मोठा असेल तर गुंजन व आवाजाची ताकद वाढते. पृष्ठभागावरील वर्तुळाकार चरांमुळे आवाज मोकळा पसरतो, तर चर न पाडलेले ताट कोरडे आणि आवरलेले वाजते.

बहुगुणी सिंबल टोकाच्या गुणांचे नसते. फार जड ताट मैदानावर शोभते, पण चर्चमध्ये किंवा लहान सभागृहात गायकाला झाकून टाकते. फार पातळ ताट ध्वनिमुद्रणात सुंदर वाटते, पण उघड्या मांडवात हरवते आणि जोरकस हाताखाली लवकर तडकते. मध्यम किंवा मध्यमाहून किंचित पातळ ताट सर्वांत अधिक ठिकाणी निभावून नेते. उघड्यावर आवाज कमी पडला तर ध्वनिक्षेपकाची मदत घेता येते. जड ताटाचा आवाज सभागृहात कमी करण्याचा मात्र तितका सोपा उपाय नाही.

किती घ्यावीत आणि कोणत्या क्रमाने

सुरुवातीला तीन जागा भरल्या की पुरे. पहिला मान हाय-हॅटचा, कारण बहुतेक गाण्यांत सर्वाधिक वेळ हात आणि पाय तिच्यावरच असतात. १४ इंचांची मध्यम वजनाची जोडी सर्वत्र चालते. खालचे ताट वरच्यापेक्षा थोडे जड असले की पायाने मिटताना 'चिक्' असा आवाज स्वच्छ येतो.

दुसरी राइड, २० इंचांची. तिच्यात तीन आवाज मिळाले पाहिजेत : मधल्या भागावर काठीच्या टोकाचा स्पष्ट ठेका, घुमटावर घंटेसारखी टणक, आणि कडेवर काठीच्या खांद्याने मारल्यावर क्रॅशसारखा फुलोरा. हे तिन्ही देणारे ताट सापडले तर एका क्रॅशचे काम त्यातच होते.

तिसरे क्रॅश. १६ किंवा १८ इंचांपैकी एक घेतले तरी चालते. संगीत सौम्य असेल तर १६, भारदस्त असेल तर १८ बरे. पुढे दुसरे घ्यायचेच झाल्यास दोहोंत दोन इंचांचे अंतर ठेवावे, म्हणजे आवाज वेगळे ऐकू येतात. अगदीच तुटपुंज्या पैशांत चांगली हाय-हॅट आणि १८ इंचांचे एकच क्रॅश-राइड घ्यावे. पाच पितळी ताटांपेक्षा ही जोडणी अधिक कामाची. छोटे स्प्लॅश, उलट्या कडेचे चायना हे प्रकार चवीपुरते असतात. ते सर्वांत शेवटी.

दुकानातील पारख

ताट हातात धरून बोटाने टिचकी मारणे पुरेसे नाही. ते स्टँडवर लावून, नेहमीच्या वापरातील काठ्यांनी वाजवून पाहावे. आधी अगदी हळू, मग मध्यम, शेवटी जोरात. हळू वाजवताना आवाज जागा झाला पाहिजे आणि जोरात वाजवताना तो कर्कश होता कामा नये. आवाज पूर्ण विरेपर्यंत थांबावे, कारण गाण्यात तो शेवटचा भागच गायकाच्या स्वरात मिसळतो. दुसऱ्याला वाजवायला सांगून दहा-पंधरा फुटांवरून ऐकावे. जवळून खरखरीत वाटणारे ताट दुरून गोड लागते, याच्या उलटही घडते. घरची सिंबल बरोबर नेऊन नवे ताट त्यांच्याशी जुळते का, हे पाहणे सर्वांत उत्तम. हातोड्याने घडवलेल्या मालात एकाच नावाची दोन ताटेही तंतोतंत सारखी वाजत नाहीत. म्हणून ऐकलेलेच ताट घरी न्यावे, त्याच नावाचे बंद खोक्यातले नव्हे.

जुने सिंबल घेताना

काशाचे सिंबल नीट सांभाळले तर दशकानुदशके टिकते. त्यामुळे नव्या पितळी संचाच्या पैशांत एखादे जुने पण अस्सल ताट मिळत असेल तर ते घेणे शहाणपणाचे. मात्र तडे तपासलेच पाहिजेत. विमानाच्या पत्र्याला वारंवारच्या ताणाने जशी धातूची थकवण येते, तशीच ती सिंबललाही येते. कडेवरून नख फिरवावे. मधल्या छिद्राभोवती आणि चरांच्या रेषेत बारीक चीर नाही ना, हे उजेडात पाहावे. छिद्र गोल न राहता एका बाजूला झिजले असेल, तर ते ताट धातूच्या दांड्यावर संरक्षक नळीविना वाजत होते, असे समजावे. तड्याच्या टोकाशी बारीक छिद्र पाडून तो पुढे सरकू न देण्याची पद्धत विमानदुरुस्तीत आहे. सिंबलवरही ती वापरतात. पण तो तात्पुरता इलाज होय आणि असे ताट पूर्ण किमतीला घेऊ नये.

निगा

सिंबल स्टँडवर आवळून बसवणे हे त्याच्या तडकण्याचे मोठे कारण. खाली-वर फेल्ट, दांड्यावर प्लॅस्टिकची नळी आणि ताट मोकळे डोलेल इतपतच सैल चक्री असावी. ताट किंचित वादकाकडे कललेले ठेवावे आणि काठी कडेवर सरळ न आपटता ओझरती मारावी. नेताना जाड कापडी पिशवीत, ताटांमध्ये कापड घालून न्यावे.

दिवाळीत तांब्या-पितळेच्या भांड्यांबरोबर सिंबलही चिंचेने किंवा भांडी घासण्याच्या पावडरीने लखलखीत करण्याचा मोह टाळावा. त्याने छापील नाव पुसले जाते, वरचा लेप निघतो आणि चरांत पावडर अडकून राहते. वाजवून झाल्यावर घामाचे डाग मऊ कापडाने पुसले तरी पुरते. काळाने आलेली काळसर झाक हा दोष नाही. कित्येक वादकांना त्यामुळे मृदावलेला आवाजच अधिक भावतो.

शेवटची काळजी कानांची. क्रॅशचा आवाज वादकाच्या डोक्याजवळ १०० डेसिबलच्या वर जाऊ शकतो आणि ८५ डेसिबलच्या पुढे दीर्घकाळ राहिल्यास श्रवणशक्तीला इजा होते. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. सरावाच्या वेळी कानात बोळे घालावेत. वसाहतीच्या इमारतीत किंवा चाळीत सराव करणाऱ्यांसाठी बारीक छिद्रे असलेली कमी आवाजाची सिंबलही मिळतात. सिंबलची पारख शेवटी कानानेच करायची असते, तेव्हा तो शाबूत राखणे हेही या निवडीचेच एक अंग मानले पाहिजे.