नॅचेझ: नदीकाठचं जुनं गाव आणि बाबांचा एक प्रश्न

आजचा भाग मी अमेरिकेच्या दक्षिणेतून, मिसिसिपी राज्यातल्या नॅचेझ गावातून बोलतेय. उच्चार ‘मॅचेस’सारखा करायचा. मधेच भोंगा ऐकू आला तर दचकू नका, खाली नदीतून बोट चाललेली असते.

आठ महिन्यांपूर्वी आम्ही एडिसन सोडून इथं राहायला आलो. नवऱ्याची नोकरी या भागात, माझं काम घरून. एडिसन म्हणजे गणपतीला ढोल-ताशा, कोपऱ्यावर पोळी-भाजी. इथं हिंग संपला तर जॅक्सन नाहीतर बॅटन रूज गाठायचं, म्हणजे दीड-दोन तास गाडी. गावात चौदा-पंधरा हजार माणसं. मिसिसिपी नदीच्या काठावर साधारण दोनशे फूट उंच कडा आहे, त्यावर हे गाव बसलंय. ओकची झाडं, त्यांच्यावरून लोंबणारं राखाडी शेवाळ, आणि पांढऱ्या खांबांचे वाडे. पहिले पंधरा दिवस मी नुसती फोटो काढत फिरले. तुम्हीही तेच केलं असतं.

गावाचा आधीचा इतिहास पटकन सांगते, कारण आपल्याला पुढं जायचंय. नॅचेझ हे मुळात इथल्या आदिवासी जमातीचं नाव. १७१६ मध्ये फ्रेंचांनी इथं किल्ला बांधला. १७२९ मध्ये नॅचेझ लोकांनी उठाव केला आणि पुढच्या एक-दोन वर्षांत फ्रेंचांनी त्यांना इथून उखडून टाकलं. नाव गावाला राहिलं, माणसं गेली. मग ब्रिटिश, मग स्पॅनिश, आणि १७९८ पासून अमेरिका. या दशकात आणखी एक गोष्ट घडली: सरकी काढायचं नवं यंत्र आलं. जिनिंग झटपट व्हायला लागलं आणि या काठावरची काळी-तपकिरी माती कापसाखाली गेली.

इथले वाडे या कापसाचे. पर्यटनाच्या पत्रकांत एक वाक्य हमखास असतं: युद्धाआधी अमेरिकेतले सगळ्यात जास्त लक्षाधीश दर माणशी इथं राहायचे. मला दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो. १८६० च्या जनगणनेत या परगण्यातल्या दर दहा माणसांपैकी सुमारे सात माणसं गुलाम होती.

हे मला वाड्यांनी सांगितलं नाही. निमित्त झालं बाबांच्या फोनचं.

माझे बाबा यवतमाळ जिल्ह्यात कपाशी करतात. मी त्यांना व्हिडिओ कॉलवर नदीपलीकडची, लुइझियानातली शेतं दाखवत होते. बोंडं फुटलेली, नजर पोचेल तिथपर्यंत पांढरं. बाबांनी वाडे बघितले, नदी बघितली, काही बोलले नाहीत. कापूस दिसला आणि लगेच म्हणाले, “मले सांग पोरी, तिकडं वेचाले माणसं भेटतेत का?”

शेतकऱ्याचा प्रश्न. आमच्याकडे वेचणी बायका करतात, मजुरी किलोवर, आणि ऐन हंगामात बायका मिळत नाहीत म्हणून बाबांची दरवर्षी चिडचिड. मी सांगितलं, इथं मशीन वेचतं. एक माणूस वातानुकूलित केबिनमध्ये बसतो आणि मागून गोल गाठी बाहेर पडतात. ते जरा वेळ गप्प. मग म्हणाले, “आन् मशीनच्या आधी?”

त्या प्रश्नाचं उत्तर शोधायला मी गावाच्या बाहेरच्या बाजूला गेले. मुख्य चौकापासून मैलभर अंतरावर दोन जुने रस्ते जिथं फुटतात, त्या जागेला ‘फोर्क्स ऑफ द रोड’ म्हणतात. आपल्या भाषेत दुफाटा. आज तिथं गवत आहे, माहितीचे फलक आहेत, आणि जमिनीत सिमेंटमध्ये रुतवलेल्या बेड्या-साखळ्या. शेजारून गाड्या जातात. बस, एवढंच.

१८३० च्या दशकापासून १८६३ पर्यंत हा माणसांचा बाजार होता. खोल दक्षिणेत न्यू ऑर्लिन्सच्या खालोखाल हाच मोठा. आपल्या डोक्यात गुलामांचा बाजार म्हणजे चौथरा, हातोडा, लिलाव. इथं तसं नसायचं. दुकानासारखं चालायचं. माणसांना नवे कपडे घालून रांगेत उभं करायचं, गिऱ्हाईक यायचं, हात-दात तपासायचं, घासाघीस करायचं. बैलबाजार डोळ्यांसमोर आणा. मला तरी तोच आठवला.

ही माणसं आफ्रिकेतून थेट आलेली नव्हती. अमेरिकेने १८०८ पासून बाहेरून गुलाम आणायला बंदी केली होती. तेव्हा माल आला आतूनच. व्हर्जिनिया-मेरीलँडकडे तंबाखूची जमीन थकली होती, तिथले मालक माणसं विकायला लागले. व्यापाऱ्यांनी ती विकत घ्यायची, साखळीत बांधायची आणि दक्षिणेकडे चालवत न्यायची. हजार मैलांहून जास्त अंतर, दोन-तीन महिने पायी. काही जहाजाने यायची. गृहयुद्धापर्यंतच्या सत्तर वर्षांत अशी सुमारे दहा लाख माणसं खालच्या राज्यांत आणली गेली, असं इतिहासकार सांगतात. नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, मूल तिसरीकडेच.

बाजार गावाबाहेर का? १८३३ मध्ये पटकी आली. आयझॅक फ्रँकलिन हा त्या काळचा सगळ्यात मोठा गुलाम-व्यापारी. त्याच्याकडची माणसं मेली आणि त्यानं प्रेतं गुपचूप टाकून दिली. ती सापडली, गावात बोंब झाली, आणि नगरपालिकेनं बाहेरगावच्या व्यापाऱ्यांना वेशीबाहेर काढलं. राग होता तो रोगाचा. व्यापार मैलभर सरकला, थांबला नाही.

आता वाड्यांकडे परत चला. लाँगवूड नावाचा एक अष्टकोनी वाडा आहे, वर कांद्याच्या आकाराचा घुमट. हॅलर नट नावाच्या बागाईतदारानं १८६० मध्ये बांधायला घेतला. १८६१ मध्ये युद्ध सुरू झालं, फिलाडेल्फियाहून आणलेले कारागीर हातातली कामं टाकून घरी गेले. बत्तीस खोल्यांपैकी तळमजल्याच्या नऊच पूर्ण झाल्या. वरचे मजले आजही तसेच आहेत, उघड्या विटा आणि लाकडी सांगाडा. पर्यटक वर बघून हळहळतात: अरेरे, पुरा नाही झाला! मला सगळ्या गावात हा वाडा सगळ्यात प्रामाणिक वाटतो. बाकीच्यांवर गिलावा आहे.

आणि मेलरोज! हा वाडा आता राष्ट्रीय उद्यान खात्याकडे आहे. त्याच्या जेवणघरात टेबलावर छताला महागनीचा भलामोठा झुलता पंखा टांगलाय. गाइड त्याला म्हणाला ‘पंका’. मी दोनदा विचारलं. हो, आपलाच पंखा! साहेबांच्या हिंदुस्थानातून शब्द आणि वस्तू दोन्ही इथवर पोचले. तो आपोआप हलत नाही, हे उघड आहे. कोपऱ्यात दोरी धरून एक पोरगा उभा राहायचा.

असाच एक पोरगा होता जॉन रॉय लिंच. डनलीथ नावाच्या वाड्यात मालक जेवत असताना वारा घालणं हे त्याचं काम. एकदा मालकिणीला उलट उत्तर दिलं म्हणून त्याला शेतावर पाठवलं गेलं. जुलै १८६३ मध्ये उत्तरेचं सैन्य नॅचेझमध्ये शिरलं, तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. त्याचं पुढं काय झालं ते सांगते. आधी आपल्याकडचं सांगितल्याशिवाय राहवत नाही.

कारण हा कापूस आणि आपला कापूस एकमेकांना ओळखतात.

१८४० मध्ये ईस्ट इंडिया कंपनीनं दहा अमेरिकन बागाईतदार पगारावर हिंदुस्थानात आणले. मिसिसिपी आणि आसपासच्या भागातले. सोबत बियाणं, जिनिंगची यंत्रं. हिंदुस्थानच्या शेतकऱ्याला कापूस शिकवायचा, हा बेत. काही मुंबई इलाख्यात आले. धारवाडकडे अमेरिकन बियाणं थोडंफार रुजलं, बाकी प्रयोग फसला. पाऊस वेगळा होता, आणि इथला शेतकरी आधी पोटाची ज्वारी पेरणार, मग कपाशी. मुख्य म्हणजे ज्या पद्धतीत हे लोक तरबेज होते तिला चाबकाखाली राबणारी माणसं लागत. रयत गरीब होती, कर्जात होती, पण कुणाच्या मालकीची नव्हती.

कंपनीला ही धडपड का करावी लागली? इंग्लंडच्या गिरण्यांचा तीन चतुर्थांशाहून जास्त कापूस अमेरिकेच्या दक्षिणेतून यायचा. सगळी अंडी एकाच टोपलीत. १८५३ मध्ये इंग्रजांनी निजामाकडून वऱ्हाड आपल्या ताब्यात घेतला, त्यातही कपाशीच्या काळ्या जमिनीवर नजर होतीच. आणि १८६१ मध्ये भीती खरी ठरली. उत्तरेच्या नौदलानं दक्षिणेची बंदरं अडवली, नॅचेझचा कापूस काठावरच पडून राहिला आणि मँचेस्टरचे डोळे मुंबईकडे वळले.

मग मुंबईत जे झालं ते तुम्ही शाळेत एका ओळीत वाचलं असेल. कापसाचे भाव कडाडले. गाद्या-उशा उसवून कापूस विकला गेल्याच्या गोष्टी मुंबईत अजून सांगतात. पैसा इतका आला की समुद्र बुजवण्याच्या कंपन्या निघाल्या. बॅक बे कंपनीच्या पाच हजारांच्या शेअरला पन्नास हजारांपर्यंत भाव गेला. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचा सेनापती ली शरण आला, आणि १ जुलै १८६५ ला मुंबईचा फुगा फुटला. सट्ट्याचा बादशहा प्रेमचंद रायचंद बुडाला. त्याआधी त्यानं दिलेल्या देणगीतून राजाबाई टॉवर मात्र उभा राहिला. फोर्टात त्याच्याखाली सेल्फी काढाल तेव्हा नॅचेझच्या काठावरच्या त्या पडून राहिलेल्या गाठी आठवा.

शेतकऱ्याचं काय? चढ्या भावात सावकारानं हात सैल सोडून कर्ज दिलं. भाव पडले, कर्ज तसंच. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यात सुप्याला लोकांनी सावकारांचे कागद जाळले. दख्खनचे दंगे म्हणतात ते हेच. कारणं आणखीही होती, पण कापसाची ती चढ-उतार त्यात नक्की आहे. वऱ्हाडात भाव पडले तरी कपाशी हटली नाही. १८७० मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला रेल्वेची शाखा सुरू करायला आला. नगदी पिकाच्या त्या रुळावर आमचं घर अजून आहे.

मी हे बाबांना सांगितलं. “म्हंजे त्याहिचं युद्ध झालं म्हून आपल्याले भाव भेटला,” ते म्हणाले, आणि मग, “आन् युद्ध कायच्यासाठी होतं?” वेचणाऱ्यांसाठी, मी म्हटलं. यावर ते काही बोलले नाहीत. आमच्या शेतात वेचणीच्या पहिल्या दिवशी सीतादही करतात. त्या दिवशी बायकांना नवी साडी मिळाली नाही म्हणून आजीनं एकदा आजोबांशी तीन दिवस अबोला धरला होता. गुलामगिरी आणि मजुरी एक नाही, मी तशी तुलना करणार नाही. पण भाव सगळ्यांना तोंडपाठ असतो आणि वेचणारीचं नाव वहीत नसतं, हे मला दोन्ही काठांवर दिसलं.

इथं नावं शोधायला लागतात. एक सापडतं ते अब्दुल रहमान इब्राहिमचं. पश्चिम आफ्रिकेतल्या फुटा जालोन राज्याचा हा राजपुत्र, १७८८ मध्ये पकडून नॅचेझला विकला गेला. १८०७ मध्ये इथल्या बाजारात भाजी विकताना त्याला एका गोऱ्या डॉक्टरनं ओळखलं. हा डॉक्टर कॉक्स तरुणपणी आफ्रिकेत भरकटला होता आणि याच्याच वडिलांनी त्याला आसरा दिला होता. डॉक्टरनं त्याला विकत घेऊन सोडवायचा प्रयत्न केला. मालकानं नकार दिला. सुटका व्हायला १८२८ उजाडलं. मुलांना सोडवायला पैसे जमवत तो उत्तरेत फिरला, मग लायबेरियाला गेला आणि १८२९ मध्ये तिथेच वारला. घर तिथूनही लांबच राहिलं.

दुसरं नाव विल्यम जॉन्सन, स्वतंत्र काळा न्हावी. १८३५ ते १८५१ त्यानं रोजनिशी लिहिली: कोणी दाढीचे पैसे बुडवले, कोणाची मारामारी झाली, सगळं. आणि हो, तो स्वतः गुलाम बाळगायचा. १८५१ मध्ये जमिनीच्या वादात त्याचा खून झाला. साक्षीदार काळे, आणि काळ्यांना गोऱ्याविरुद्ध साक्ष देता येत नसे. आरोपीनं आपण काळे नाहीच असा दावा केला आणि सुटला. जॉन्सनचं घर आज बघता येतं. नॅचेझला आलात तर वाड्यांच्या आधी तिथं जा.

या गावानं स्वतःचा इतिहास विकायला काढला १९३२ मध्ये. आधी भुंग्यानं बोंडं पोखरली होती (आपली गुलाबी अळी वेगळी, हाल तेच), वर महामंदी. गार्डन क्लबच्या बायकांनी वाडे तिकिटावर उघडले, घेरदार झगे घालून दारात उभ्या राहिल्या. त्याला ‘पिलग्रिमेज’ म्हणतात, चक्क तीर्थयात्रा. त्यामुळे वाडे वाचले, हे मान्य करायलाच हवं. दुफाट्याची जागा मात्र राष्ट्रीय उद्यानात यायला २०२१ उजाडलं. मधली जवळजवळ नव्वद वर्षं झग्यांची.

तर, लिंच. डनलीथमधला वारा घालणारा तो पोरगा स्वातंत्र्यानंतर फोटोग्राफीच्या धंद्यात शिरला, शिकला, मिसिसिपीच्या विधानसभेचा सभापती झाला आणि १८७३ मध्ये वॉशिंग्टनला काँग्रेसमध्ये जाऊन बसला. त्याच १८७३ मध्ये पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ छापलं आणि ते अर्पण केलं अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, गुलामांना मुक्त केलं म्हणून. पुढे १८९० मध्ये मिसिसिपीनं नवी राज्यघटना करून काळ्यांचा मताधिकार जवळपास संपवला. लिंच ते सगळं बघत १९३९ पर्यंत जगला आणि आठवणी लिहून गेला.

बाबा फेब्रुवारीत येतायत. वाडे बघायचे नाहीत म्हणाले, दुफाटा बघायचाय आणि ते वेचणीचं मशीन उघडून बघायचंय. फेब्रुवारीत ते शेडमध्ये असतं, नदीपलीकडच्या एका शेतकऱ्याशी मी बोलून ठेवलंय.

पुढच्या भागात याच गावातली २३ एप्रिल १९४० ची रात्र: ऱ्हिदम नाइट क्लबची आग, २०९ माणसं. त्या भागाला लहान मुलं जवळ असतील तर हेडफोन लावा.