विमानानें वाहिलेलें लोखंड

रस्ता आधीं आणि वाहन मागाहून, असा व्यापाराचा क्रम सर्वत्र दिसतो. न्यू गिनी बेटांत मात्र तो उलटला. तेथें विमान आधीं आलें. रस्ता पुष्कळ वर्षांनीं झाला.

१९२६ सालीं त्या बेटाच्या डोंगराळ भागांत, ईडी ओढ्याच्या परिसरांत, विपुल सोनें सांपडलें. समुद्रकांठच्या सालामाउआ बंदरापासून तेथवर दाट अरण्यांतून सुमारें आठ दिवसांची चढण होती. माल जाई तो तेथील रहिवाशांच्या पाठीवरून; आणि वाटेंत त्यांना लागणारें धान्यहि त्याच ओझ्यांत असे. त्यामुळें वाहिलेल्या मालाचा बराच भाग वाटेंतच सरे.

सेसिल जॉन लेव्हियन ह्या ऑस्ट्रेलियन गृहस्थानें हा हिशेब नेमका ओळखला. त्याच्या पुढाकारानें १९२७ मध्यें 'गिनी एअरवेज' ही लहानशी कंपनी निघाली. आरंभीं तिच्याजवळ एक जुनें विमान व मस्टर नांवाचा वैमानिक, एवढाच सरंजाम होता. एप्रिल १९२७ मध्यें मस्टर लाए येथून उडून वाऊ येथें उतरला. दिवसांची वाट तासाभरावर आली.

खरी कसोटी पुढेंच होती. बुलोलो नदीच्या खोऱ्यांतील सोनें काढावयास ड्रेजर, म्हणजे पाण्यावर तरंगून गाळ उपसणारीं व धुणारीं अवजड यंत्रें हवीं होतीं. तीं डोंगरापलीकडे न्यावयाचीं कशीं? १९३१ पासून युंकर्स कंपनीचीं तीन एंजिनांचीं विमानें ह्या कामाला लागलीं. त्यांच्या छतांतील झडपेंतून यारीनें लोखंड आंत सोडीत. एका खेपेस सुमारें ३ टन माल जाई. म्हणून यंत्रांचे भागहि त्याच बेतानें पाडलेले असत. मार्च १९३२ मध्यें पहिला ड्रेजर चालूं झाला. तो पाहावयास लेव्हियन उरला नव्हता, जानेवारींतच त्याचें निधन झालें होतें. १९३९ पर्यंत असे आठ ड्रेजर उभे राहिले.

जानेवारी १९४२ मध्यें जपानी हल्ल्यांत तेथील बहुतेक विमानें नष्ट झालीं. वाऊपर्यंतचा पहिला मोटाररस्ता १९४३ सालीं ऑस्ट्रेलियन सैन्यानें बांधला, तोहि युद्धासाठीं. युद्धानंतर ड्रेजर पुनः चालले व १९६५ सालीं कायमचे थांबले.

डोंगर ओलांडण्याची ही युक्ति खरोखर अपूर्व होती. परंतु तिचा जमाखर्च मांडतांना एक बाब विसरूं नये: सोनें परदेशीं गेलें, आणि ज्यांच्या पाठीवरून पहिलीं ओझीं चढलीं, त्यांच्या भूमींत उपसलेल्या दगडगोट्यांचे ढीग मागें राहिले.