शेजाऱ्याची शिडी, आपलं अंगण



मागच्या व्याख्यानानंतर चहाच्या वेळी एका श्रोत्यांनी आम्हाला गाठलं. म्हणाले, इतिहासाचं इतकं सांगता, तर आमच्या अंगणाचंही काही सांगा. त्यांच्या शेजाऱ्याने घर बांधायला काढलं. "चार दिवस सामान ठेवतो, काका," म्हणून विचारलं. यांनी हो म्हटलं. मग शेजाऱ्याचे पैसे संपले, काम थांबलं. पावसाळा उलटून गेला तरी सेंट्रिंगच्या प्लेटा, बल्ल्या, परांचीचे बांबू आणि एक गंजलेला मिक्सर यांच्या अंगणात तसाच पडून आहे.

घरात चार माणसं आणि चार मतं. मुलगा म्हणतो, भंगारवाल्याला बोलवू. पत्नी म्हणतात, सगळं उचलून रस्त्यावर ठेवू. धाकटे भाऊ म्हणतात, बांबू आपल्या मांडवाला वापरू, नाहीतरी तो भाडं कुठे देतोय? आणि वडिलांना वेगळीच धास्ती. उद्या हा माणूस इथे वहिवाट सांगेल.

आम्ही तेव्हा हसून वेळ मारून नेली. पण घरी जाऊन पुस्तकं उघडली, तेव्हा लक्षात आलं की हा प्रश्न फार जुना आहे आणि फार मोठ्या माणसांनी त्यावर डोकं खर्च केलंय. म्हणून आजचं व्याख्यान त्यावरच.

सुरुवात रोमपासून करू. इसवी सनापूर्वी ४५१-४५० च्या सुमारास रोमन लोकांनी आपला पहिला लिखित कायदा तयार केला. त्याला 'बारा पट्ट्यांचा कायदा' म्हणतात. मूळ पट्ट्या आज उरलेल्या नाहीत, पुढच्या लेखकांनी दिलेल्या तुकड्यांवरून आपल्याला तो कळतो. त्यात घराभोवती अडीच फूट जागा मोकळी सोडण्याचा नियम होता. म्हणजे दोन घरांमध्ये पाच फुटांची बोळ. शेजाऱ्याच्या भिंतीपाशी माणूस उभा राहू शकला पाहिजे, हा विचार तेव्हाही होता.

त्याच कायद्यात तुळईचा एक नियम आहे. समजा तुमची तुळई चोरीला गेली आणि कुणाच्या तरी घरात बसवली गेली. ती तुमची आहे हे सिद्ध झालं, तरी घर उभं असेपर्यंत ती उपटून काढायची नाही. त्याऐवजी दुप्पट किंमत मागायची. पुढच्या कायदेपंडितांनी 'तुळई' या शब्दात बांधकामाचं सगळंच सामान धरलं. कारण साधं होतं. प्रत्येकजण आपली तुळई ओढायला लागला, तर शहरात घरं उभी राहणार नाहीत.

पण घरात बसवलेलं सामान वेगळं आणि नुसतं येऊन पडलेलं वेगळं. त्याचा विचार आपल्याला 'डायजेस्ट' या ग्रंथात सापडतो. सम्राट जस्टिनियनने ५३३ साली जुन्या पंडितांची मतं एकत्र करून तो प्रसिद्ध केला. त्यात बघा कसली कसली उदाहरणं आहेत. तुमच्या ओकच्या झाडाची फळं माझ्या जमिनीवर पडली, तर एक दिवसाआड येऊन ती वेचून न्यायला मी तुम्हाला मज्जाव करायचा नाही. तुमचं घर कोसळून दगडविटा माझ्या आवारात आल्या, किंवा नदीच्या पुराने तुमचा तराफा माझ्या शेतात आणून टाकला, तर ती वस्तू तुमचीच. घेऊन जा. पण आधी माझ्या शेताचं जे नुकसान झालं, त्याच्या भरपाईची हमी द्या.

हा तराफा आपण आज सोबत ठेवणार आहोत. या एका उदाहरणात दोन्ही बाजू आल्या. जमीन माझी म्हणून तिच्यावर आलेली वस्तू माझी होत नाही. आणि वस्तू तुमची म्हणून तुम्ही माझ्या जमिनीचे मालक होत नाही.

आता आपल्याकडे येऊ. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तिसऱ्या अधिकरणात घरांविषयीचे वाद आहेत. दोन घरांत अंतर किती, वळचण कुठवर, सांडपाणी कसं न्यायचं, असा सगळा बारीक हिशोब तिथे आहे. त्यात एक गंमतीची सवलत आहे. भलत्या जागी खड्डा, मोरी करायला मनाई. अपवाद बाळंतिणीसाठी केलेल्या खड्ड्याचा, आणि तोही दहा दिवसांपुरता. म्हणजे अडचण खरी असेल तर शेजारधर्म पाळा, पण त्याला मुदत असू द्या. आणि शेवटी कौटिल्य असंही सांगतो की घरमालकांनी आपसात ठरवून हवं तसं करावं, फक्त एकमेकांना त्रास होईल ते टाळावं.

दुसरा धागा ठेवीचा. याज्ञवल्क्य स्मृतीत 'उपनिधी' नावाचं प्रकरण आहे. तिच्यावरची विज्ञानेश्वराची 'मिताक्षरा' ही टीका चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या काळात, कल्याणीला, म्हणजे आजच्या बसवकल्याणला लिहिली गेली. महाराष्ट्रात ती शतकानुशतकं प्रमाण मानली गेली. नियम असा की, दुसऱ्याची ठेव जशी आली तशी परत करायची. राजाने नेली, दैवी आपत्तीत गेली किंवा चोराने नेली, तर सांभाळणाऱ्याचा दोष नाही. पण मालकाला न विचारता ती वापरून त्यावर आपला फायदा केला, तर दंड, आणि वर वाढीसकट परतफेड. आता आपल्या प्रश्नात शेजाऱ्याने बांबू विश्वासाने हातात दिलेले नाहीत, नुसते आणून टाकलेत. तरीही भाऊ 'मांडवाला वापरू' म्हणतात, तेव्हा हा जुना नियम आठवावा.

युरोपात मध्ययुगानंतर प्रश्न उलट्या बाजूने आला. माझ्या भिंतीला गिलावा करायचाय आणि शिडी तुमच्याच जागेत लावावी लागतेय, तर? जर्मन लोकांनी या हक्काला फार छान नाव दिलंय: हातोड्याच्या फटक्याचा आणि शिडीचा हक्क. हातोडा मागे घ्यायला जागा लागते, शिडी टेकवायला जमीन लागते. १९०० साली लागू झालेल्या जर्मन नागरी संहितेत तो नाही, राज्याराज्यांच्या शेजार-कायद्यांत आहे. अटी साधारण अशा: आधी कळवायचं, कमीत कमी त्रास द्यायचा, नुकसान भरून द्यायचं. फ्रान्समध्येही 'शिडीचा फेरा' नावाची जुनी रूढी होती. १८०४ च्या नेपोलियनच्या संहितेत ती आली नाही, पण न्यायालयांनी गरजेपुरती जिवंत ठेवली.

इंग्लंड मात्र अडून बसलं. शेजाऱ्याने नाही म्हटलं की नाही. १९७० साली लेस्टरच्या एका खटल्यात क्रेनचा दांडा शेजारच्या छपरावरून फिरत होता. जमिनीला स्पर्शही नाही! न्यायालयाने शेजाऱ्याचा हक्क मान्य केला, मनाई हुकूम दिला, पण काम पुरं व्हावं म्हणून त्याची अंमलबजावणी पुढे ढकलली. १९८७ साली लंडनमध्ये पुन्हा क्रेनचाच वाद आला, तेव्हा अशी सवलत मिळाली नाही. अखेर १९९२ साली संसदेने कायदा केला: आहे ते घर टिकवण्यासाठी दुरुस्ती गरजेची असेल, तर न्यायालय शेजारच्या जमिनीत जायची परवानगी देऊ शकतं.

आता आपला कायदा. १८८२ चा भारतीय सुखाधिकार कायदा. त्याचा मसुदा व्हिटली स्टोक्स यांचा. गंमत अशी की हा कायदा आधी मद्रास, मध्य प्रांत आणि कुर्ग एवढ्यांनाच लागू झाला. म्हणजे नागपूरला तो १८८२ पासून, आणि पुण्या-मुंबईला १८९१ पासून. आपल्या श्रोत्यांच्या वडिलांची धास्ती इथे सुटते. वहिवाटीने हक्क मिळायला २० वर्षं उघडपणे, विनाखंड आणि हक्क म्हणून वापर लागतो. परवानगी मागून केलेला वापर हा हक्काने केलेला वापर नव्हे. "ठेवू का, काका?" या विचारण्यानेच वहिवाटीचा रस्ता बंद झाला. म्हणून अशी परवानगी दोन ओळी लिहून द्यावी. ती देणाऱ्याचंच रक्षण करते.

मग ही परवानगी मागे घेता येते का? येते. अशा सामानाच्या बाबतीत तर सहज येते. पण ६३ वं कलम सांगतं की परवानगी मागे घेतल्यावर त्या माणसाला जागा सोडायला आणि ठेवू दिलेलं सामान हलवायला वाजवी मुदत मिळाली पाहिजे. कौटिल्याचे दहा दिवस आणि रोमचा तराफा, दोन्ही इथे भेटतात. आणि न विचारताच आणून टाकलं असेल तर? तर ते अतिक्रमण. दिवाणी न्यायालयात जाता येतं. पण तेव्हाही प्लेटा त्याच्याच राहतात.

राहिला मुलगा आणि त्याचा भंगारवाला. १८७२ च्या करार कायद्यात हरवलेली वस्तू सापडून ताब्यात घेणाऱ्यावरही सांभाळण्याची जबाबदारी टाकली आहे. विकायची मुभा आहे, पण मालक सापडत नसेल किंवा रास्त खर्च देत नसेल तेव्हा, आणि तेही वस्तू नासत असेल किंवा खर्च किमतीच्या दोन तृतीयांशावर गेला असेल तर. इथे मालक तर भिंतीपलीकडे राहतो!

आणि एक गोष्ट कायद्याच्या पुस्तकात ठळक दिसत नाही. ते सामान बहुतेक वेळा शेजाऱ्याचं नसतंच. प्लेटा सेंट्रिंगवाल्याच्या असतात, मिक्सर कुणाकडून भाड्याने आणलेला असतो, आणि ढिगाखाली कुणा गवंड्याची थापी नि ओळंबा असतो. भांडण दोन घरमालकांचं, आणि रस्त्यावर टाकलेली थापी चोरीला गेली तर रोजी बुडते तिसऱ्याची.

तर काका, तुम्ही आज पुढच्या रांगेत बसलाय म्हणून सांगतो. सामानाची यादी करा, फोटो काढा. सामान नेमकं कुणाचं ते शेजाऱ्याला विचारा, आणि त्या ठेकेदारालाही कळवा. अमुक तारखेपर्यंत न्या, फरशी फुटली आहे तिचे पैसे द्या, असं लेखी द्या. तोवर वापरू नका, विकू नका, रस्त्यावर टाकू नका. फार तर एका कोपऱ्यात रचून वर ताडपत्री घाला. तारीख उलटली तर वकिलांकडे जा. तेव्हा तुमची बाजू भक्कम असेल.

आणि उद्या तुमच्या भिंतीला गिलावा करायचा झाला, तर शिडी कुणाच्या अंगणात लागणार आहे, हेही पत्र लिहिताना लक्षात असू द्या.

आता प्रश्न घेऊ.